‘क्रॅश’ म्हणजे नेमके काय?

‘मार्केट क्रॅश झाले’ हे वाक्य आता चप्पल लाईनपासून शाहूपुरीच्या गूळ बाजारापर्यंत सर्वांच्या तोंडी बसले आहे. दर दोन रुपयांनी उतरला तरी क्रॅश, गिऱ्हाईक आठ दिवस फिरकले नाही तरी क्रॅश, आणि बँक बुडाली तरी क्रॅशच. एका शब्दाने सगळे भागते, म्हणून कोणी फारसा विचार करीत नाही. परंतु व्यापारी बंधूंनी येथे थोडे थांबावे. दर उतरणे, माल न खपणे आणि पेढी बुडणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींत करायचे उपायही वेगळे असतात. इंग्रजीत त्यांना वेगवेगळे शब्द आहेत आणि आपल्या बाजाराच्या बोलीतही आहेत.

‘क्रॅश’ हा मूळचा आवाजाचा शब्द आहे. भांडी पडली की ‘खळ्ळकन’, भिंत पडली की ‘धाडकन’ असे आपण म्हणतो, तसाच हा इंग्रजांचा आवाज. काही मोडून-फुटून कोसळताना जो नाद होतो त्यावरून सुमारे सहाशे वर्षांपूर्वी तो तयार झाला. व्यापारातील पडझडीसाठी तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात आला. पुढे विमान पडले की क्रॅश, आणि संगणक बंद पडला तरी क्रॅश. सर्व अर्थांत दोन गोष्टी कायम राहिल्या. एक, घटना एकदम घडते. दोन, पडल्यावर वस्तू पूर्वीसारखी राहत नाही. ज्या घसरणीत या दोन्ही गोष्टी नाहीत तिला क्रॅश म्हणण्याचे कारण नाही.

(कापडाच्या धंद्यातील बंधूंना आणखी एक ‘क्रॅश’ माहीत असेल. टॉवेल व पडद्यांसाठी जे जाडेभरडे तागाचे कापड असते त्यालाही इंग्रजीत क्रॅश म्हणतात. त्याचा या पडझडीशी काही संबंध नाही. तो शब्द बहुधा रशियन भाषेतून आला असून तेथे त्याचा अर्थ रंगवलेले तागाचे कापड असा होता.)

दुसरा शब्द ‘स्लंप’. याचा जुना अर्थ चिखलात पाय रुतणे. व्यापारात तो १८८० नंतर आला. चिखलात रुतलेला माणूस धाडकन पडत नाही. तो हळूहळू आत जातो आणि बाहेर पडायला वेळ लागतो. आपण ज्याला मंदी म्हणतो ती हीच. ‘बाजार बसला’ हा आपल्या अडत्यांचा शब्द तर मला स्लंपपेक्षाही चपखल वाटतो, कारण बसलेला उठू शकतो हे त्यात आपोआप येते. हंगामात गुळाची आवक वाढली आणि सौद्यात दर उतरले तर ती मंदी आहे. तिथे प्रश्न एवढाच असतो की माल किती दिवस धरवेल आणि तोपर्यंत घरखर्च, मजुरी व कर्जाचा हप्ता कशातून भागेल.

खरा क्रॅश पाहायचा तर १८६५ ची मुंबई पाहावी. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला. मग कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीच्या पाच हजार रुपये भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातील बाजाराचे सर्वात मोठे नाव. बहुतेक सौदे वायद्याचे होते. म्हणजे आज पैसे द्यायचे नाहीत, ठरल्या तारखेला हिशेब करायचा. ती तारीख होती १ जुलै १८६५. पण एप्रिलमध्येच दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, युद्ध संपत आल्याची बातमी मुंबईला पोचली आणि कापसाचा भाव कोसळला. जुलैच्या पहिल्या तारखेला देणे सगळ्यांकडे होते, रोकड कोणाकडेच नव्हती. पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. शेअरवर सढळ हाताने कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बंद करावी लागली. मुंबई विद्यापीठातला राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या आईच्या नावाचा आहे. त्यासाठी पैसा त्यांनी भरभराटीच्या दिवसांत दिला होता, टॉवर मात्र १८७८ मध्ये पुरा झाला.

यात लक्षात घेण्याजोगे हे की कापूस तोच होता, शेतही तेच होते. युद्ध संपले म्हणून कापसाचा दर पडायचाच होता. ज्याने रोखीने कापूस घेतला त्याला तोटा झाला. ज्याने उधारीवर वायदे केले तो संपला. दर पडणे ही मंदी, पण तीच घटना उधारीच्या ढिगावर पडली की क्रॅश होतो.

चांदीच्या बाबतीत १९८० मध्ये हेच घडले. अमेरिकेतील हंट बंधूंनी कर्ज काढून चांदी साठवली. जानेवारीत भाव औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेला. मग बाजाराने उधारीच्या खरेदीवर बंधने घातली आणि २७ मार्च १९८० च्या एका दिवसात भाव जवळजवळ निम्मा होऊन ११ डॉलरच्या आत आला. आपल्या जिल्ह्यातील हुपरीच्या कारागिरांनी हा फरक समजून घ्यावा. दुसऱ्याची चांदी घेऊन मजुरीवर पैंजण घडवणाऱ्याची अशा वेळी कामे थांबतात, पण भांडवल जात नाही. स्वतःची चांदी घालणाऱ्याचे भांडवल घटते. आणि ज्याने ती चांदी कर्जाने घेतली, त्याची चांदी अर्ध्या किमतीची होते आणि कर्ज पुरे राहते.

आपल्या जवळची हकिकत १९९२ ची आहे. हर्षद मेहता प्रकरण एप्रिलमध्ये उघडकीस आले आणि २८ एप्रिलला मुंबईचा शेअर निर्देशांक एका दिवसात सुमारे पावणेतेरा टक्के पडला. मुंबईत काय व्हायचे ते झाले, पण त्या लाटेत कराडची बँक ऑफ कराड बुडाली. या बँकेने सरकारी रोखे हाती नसताना रोख्यांच्या पावत्या लिहून दिल्या होत्या. त्या पावत्यांवर इतर बँकांनी पैसे दिले आणि ते दलालांकडे गेले. कराडच्या ज्या दुकानदाराने आयुष्यात एक शेअर घेतला नव्हता, त्याच्याही बँकेला कुलूप लागले. पुढे ही बँक, बँक ऑफ इंडियात गेली.

बँक बुडाली की जे होते त्याला इंग्रजीत ‘बँकरप्ट’ म्हणतात. हा शब्द इटलीचा. तेथे सराफ बाजारात बाक मांडून बसत. ‘बँक’ म्हणजे मूळचे तेच बाक, आणि ज्याचे बाक मोडले तो बँकरप्ट. आपल्याकडे ‘दिवाळे’ शब्दामागेही दुकानाचेच चित्र आहे. देणे देता येईना की व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे, असे सांगितले जाते. आपल्या घरात बोलला जाणारा ‘मुफलिस’ हा शब्द अरबी ‘फल्स’वरून आला. फल्स म्हणजे तांब्याचे नाणे. ज्याच्याकडे सोन्याचांदीचे काही उरले नाही, फक्त तांब्याची चिल्लर उरली तो मुफलिस. ‘नादार’ फारसी आहे, ज्याच्याजवळ काही नाही तो. कर्ज, जामीन, बाकी, वसूल, जप्ती हे मराठी बाजाराचे रोजचे शब्दही अरबीतून आलेले आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते.

यातील नादार आणि दिवाळे हे दोन शब्द आज कायद्यात शेजारी बसले आहेत. २०१६ च्या केंद्रीय कायद्याचे मराठी नाव नादारी व दिवाळखोरी संहिता असे आहे. हा कायदा मुख्यतः कंपन्यांना लागू आहे. एकट्या मालकाचे दुकान किंवा कारखाना नादार झाला तर अजून १९२० च्या जुन्या प्रांतिक कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. परंतु भावाच्या किंवा मित्राच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या कर्जाला ज्यांनी व्यक्तिशः जामीन राहून सही केली आहे, त्यांच्यावर १ डिसेंबर २०१९ पासून नवी संहिता चालते. कंपनी कोसळली तर धनको अशा जामीनदाराविरुद्धही तिच्याखाली कारवाई सुरू करू शकतो. ज्यांनी अशी सही केली आहे त्यांनी कर्जाच्या कागदांची प्रत बँकेतून मागून घ्यावी, आणि आपला जामीन किती रकमेपुरता आहे हे वकिलाकडून वाचून घ्यावे.