निसर्गसान्निध्य आणि मानसिक आरोग्य : प्रश्न मोकळ्या जागेचा

मानसिक आरोग्याचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने रुग्णालय, डॉक्टर आणि औषधे या चौकटीत होत आला आहे. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम, १९९६ मध्ये सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ आणि ऑक्टोबर २०२२ मधील ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा, हे टप्पे परीक्षार्थींना पाठ असतात. मात्र माणूस ज्या वस्तीत राहतो तेथे झाडे, पाणी व मोकळे आकाश यांना कितपत स्थान आहे, हाही याच विषयाचा भाग होय. तो आरोग्य विभागापेक्षा नगररचनेच्या कक्षेत येतो, म्हणूनच बहुधा अभ्यासातून निसटतो.

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) प्रौढांमधील मानसिक विकारांचे प्रमाण १०.६ टक्के आढळले. महानगरांत ते १३.५ टक्के, तर ग्रामीण भागात ६.९ टक्के होते. या तफावतीचे खापर केवळ हिरवाईच्या अभावावर फोडणे घाईचे ठरेल. स्थलांतर, घरांची टंचाई, एकाकीपण अशी अनेक कारणे त्यामागे संभवतात. तरीही परिसर आणि मन यांचा संबंध तपासून पाहण्यास ही आकडेवारी निश्चितच प्रवृत्त करते.

संशोधन काय सांगते?

या संबंधाचा एक जुना व आजही उद्धृत होणारा पुरावा रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये मांडला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, उरलेल्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे पाहणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतीसमोरच्यांना ८.७० दिवस लागले. तीव्र वेदनाशामक औषधांची गरजही पहिल्या गटाला कमी भासली. अभ्यास लहान असला तरी निष्कर्ष लक्षवेधी होता.

हे का घडावे? राशेल व स्टीफन कॅपलान या दाम्पत्याची उपपत्ती येथे उपयोगी पडते. वाचन, गणित, रहदारीतून वाट काढणे यांसाठी मनाला प्रयत्नपूर्वक एकाग्र व्हावे लागते व ही शक्ती थकते. पानांची सळसळ किंवा वाहते पाणी मात्र लक्ष अलगद वेधून घेते. त्यासाठी प्रयास पडत नाहीत आणि तेवढ्या अवधीत थकलेली शक्ती पूर्ववत होते. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी याची परीक्षा घेतली. वृक्षोद्यानातून फिरून आलेल्यांची आकडे उलट क्रमाने सांगण्याची क्षमता सुधारली. गजबजलेल्या रस्त्यावरून फिरून आलेल्यांत तशी सुधारणा दिसली नाही. विशेष म्हणजे हा लाभ फेरफटका आवडण्यावर अवलंबून नव्हता. कडाक्याच्या थंडीत नाइलाजाने चाललेल्यांनाही तो झाला. दिवसाचे दहा-बारा तास अभ्यासिकेत काढणाऱ्या आमच्या वाचकांनी या निष्कर्षाकडे केवळ परीक्षेतील मुद्दा म्हणून पाहू नये.

इंग्लंडमधील सुमारे २०,००० व्यक्तींच्या माहितीवर आधारित २०१९ च्या अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य व समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात नोंदवले. ही वेळ एकदम घालवली की तुकड्यांनी, याने फरक पडला नाही. अर्थात हा सहसंबंध आहे. मुळात निरोगी असलेली माणसेच अधिक फिरत असणेही शक्य आहे. शिवाय तीव्र नैराश्यावर उद्यानातील फेरी हा उपचार नव्हे.

उद्यान की रुग्णालय?

बंगळुरूमध्ये एका विकास योजनेत सार्वजनिक उद्यानासाठी राखलेली जागा शासनाच्या निर्देशानुसार एका खासगी विश्वस्त संस्थेला रुग्णालयासाठी देण्यात आली. परिसरातील रहिवासी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने हे वाटप रद्द केले आणि ‘बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा’ या खटल्यात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. रुग्णालयही लोकांच्या आरोग्यासाठीच असते, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु मोकळी हवा, मुलांचे खेळ व विरंगुळा यांसाठी राखलेल्या जागेची भरपाई खासगी रुग्णालयाने होत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. अशा जागेसाठी दाद मागण्याचा रहिवाशांचा हक्कही या निकालाने मान्य झाला. राज्यघटनेतील अनुच्छेद ४८-अ व ५१-अ (छ) अभ्यासताना हा निकाल सोबत वाचावा.

नागरी नियोजनाविषयीच्या केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवलेली आहे. जून २०२० मध्ये जाहीर झालेल्या नगर वन योजनेसमोर पुण्याच्या वारजे येथील नागरी वनाचा आदर्श होता. पण दरडोई क्षेत्रफळ ही सरासरी असते. शहराच्या कडेला विस्तीर्ण वन उभे राहिले, तर सरासरी सुधारते. दाट वस्तीतील कामगाराला मात्र तेथे पोहोचण्यासाठी दोन बस बदलाव्या लागतात, आणि आठवड्याच्या त्या १२० मिनिटांत प्रवासाचा वेळ धरलेला नाही.