जनपदोद्ध्वंस आणि सुरतेचा प्लेग : वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी एक अभ्यास

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आपण सर्वांनी अभ्यासलेला आहे. वायू, उदक, देश व काल हे चार भाव दूषित झाले म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात, हा सिद्धान्त आपल्या स्मरणात असतो. परंतु उद्ध्वंसापूर्वीच औषधींचा संग्रह करावा, हा आत्रेयांनी अग्निवेशास त्याच अध्यायाच्या आरंभी केलेला उपदेश सहसा विस्मरणात जातो. त्याचे मोल 1994 साली सुरतेत दिसून आले.

सुरत खानदेशास परकी नाही. रोजगारानिमित्त तेथे स्थायिक झालेली आपल्याकडील कुटुंबे असंख्य आहेत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला येथे गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, अतिवृष्टी व पुरानंतर, सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचा उद्रेक झाला.

या दोन प्रकारांतील भेद चिकित्सकाने नीट जाणावा. गाठीचा प्लेग उंदरांवरील पिसवांच्या दंशाने होतो. मनुष्यवस्तीत लागण होण्यापूर्वी बहुधा उंदीर मरून पडू लागतात. फुप्फुसाचा प्लेग मात्र रुग्णाच्या खोकल्यातील तुषारांतून निकट सहवासितांना जडतो. सुश्रुतांनी औपसर्गिक रोगांच्या संक्रमणाची कारणे सांगताना गात्रसंस्पर्श, निःश्वास, सहभोजन व सहशय्या यांचा निर्देश केला आहे, तो येथे यथार्थ ठरतो.

सुरतेत रोगापेक्षा भय वेगाने पसरले. लक्षावधी लोक रेल्वे व बसने शहर सोडून गेले. अनेक खासगी दवाखाने आणि औषधांची दुकाने बंद झाली. टेट्रासायक्लीन दुर्मीळ झाले, कारण निरोगी माणसांनीही त्याचा साठा केला. ज्यांच्याकडे रुग्ण प्रथम येतो, तेच स्थानी नव्हते. रुग्णांचे विलगीकरण, सहवासितांना प्रतिजैविके आणि कचऱ्याची सफाई या उपायांनी उद्रेक अल्पावधीत आटोक्यात आला. मे 1995 पासून आयुक्त एस. आर. राव यांनी दैनंदिन सफाईची शिस्त बसविली आणि सुरतेचे रूप पालटले. म्हणजे बिघडलेला ‘देश’ सुधारणे हीच स्थायी चिकित्सा ठरली.

चाळीसगाव हे जंक्शन आहे. धुळ्याचा फाटा येथूनच निघतो, कन्नड घाटातून मराठवाड्याची वाहतूक येते. अन्यत्रचा रोग येथे पोहोचण्यास एक रात्र पुरेशी आहे. म्हणून आमच्या मते पुढील नियम प्रत्येकाने पाळावेत :

1. तीव्र ज्वर, कास व रक्तमिश्रित कफ असलेल्या रुग्णास प्रवासाचा व मृत उंदरांचा वृत्तान्त विचारावा.

2. संशय येताच रुग्णास मुखाच्छादन देऊन वेगळे बसवावे, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांस तत्काळ कळवावे व रुग्णास शासकीय रुग्णालयात पाठवावे. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये पहिल्या 24 तासांत प्रतिजैविके न मिळाल्यास रुग्ण वाचणे कठीण असते. येथे काढ्यावर वेळ दवडणे हा अपराध होय. रसायन व पथ्य यांचे स्थान त्यानंतरचे.

3. औषधविक्रेत्यांनी आवश्यक साठा आधीच ठेवावा, उद्रेकात चिठ्ठीविना प्रतिजैविके देऊ नयेत आणि एकास अनेकांचा साठा विकू नये.

4. दवाखाना व दुकान उघडे ठेवावे.

चौथा नियम सर्वांत अवघड आहे. परंतु वैद्याचे दार बंद दिसले की गाव पळू लागतो आणि पळणाऱ्यांबरोबर रोगही गावोगावी जाऊ शकतो. औषधसंग्रहाचा उपदेश ज्यास केला, त्या वैद्याने त्या काळी स्थानी असावे, हे त्यात गृहीतच आहे.