साठ, पण कितींपैकी?

तुळशीचं लग्न लागलं, दिवाळीचे पाहुणे आपापल्या गावी गेले, तरी आमच्या स्वयंपाकघरात फराळाचे 105 डबे एकावर एक रचलेले होते. एक उघडला. चकली मोडली की कट्ट आवाज यायला हवा. ती वाकली. वासही थोडा खवट. दहा जणींच्या बचत गटाचं भांडवल त्या डब्यांत अडकलं होतं, आणि आकडा काढणारी मी होते.

अंदाज हवेतला नव्हता, हे आधी सांगते. आम्ही रीतसर पाहणी केली होती. डोंबिवलीतली आमची वसाहत 500 घरांची. संध्याकाळी सात ते नऊ फाटकापाशी टेबल टाकून आठवडाभरात 200 घरांचे कागद भरून घेतले. प्रश्न साधे: घरातली बाई नोकरीला जाते का? यंदा चकली विकत घेणार का? लाडू घेणार का? डब्यात दोन्ही असणार होतं, म्हणून कशावरही खूण म्हणजे एक डबा, असं मी धरलं. चकलीवर 65 खुणा, लाडवावर 45. बेरीज 110. 200 घरांत 110, तर 500 घरांत 275. केले 275 डबे. विकले गेले 170.

माझी भाची संख्याशास्त्र शिकते. दिवाळीनंतर आली, तेव्हा तिच्यापुढे कागदांचा गठ्ठा टाकला. तिने हिशोब विचारलाच नाही. कागद चाळले आणि म्हणाली, “मावशी, दोन्हीवर खूण केलेले किती?”

मोजले. 20.

“मग ही 20 घरं तू दोनदा मोजलीस. एकदा चकलीच्या रांगेत, एकदा लाडवाच्या.”

65 अधिक 45 वजा 20, म्हणजे 90. खूण करणारी घरं 110 नव्हतीच. 200पैकी 90 म्हणजे 45 टक्के, आणि 500 घरांत 225. पन्नास डबे निव्वळ बेरजेत वाढले होते. शाळेत संचांची दोन एकमेकांत अडकलेली वर्तुळं काढली होती मी. मधला भाग दोनदा धरायचा नाही, हे तेव्हा पाठही होतं. “हे किंवा ते” काढताना नुसती बेरीज चालते, पण दोन्ही एकदम होऊच शकत नसेल तरच.

“दोन्हीवाल्या” काढायलाही एक आडवाट असते, आणि तीही फसवी. चकलीची शक्यता 0.325, लाडवाची 0.225, गुणाकार केला तर 0.073, म्हणजे 200 घरांत जेमतेम 15. प्रत्यक्षात 20. कारण उघड आहे. जिला चकली करायला वेळ नाही, तिला लाडू वळायलाही नसतो. एका गोष्टीचा दुसरीशी काही संबंध नसेल, तेव्हाच शक्यतांचा थेट गुणाकार करावा. नाहीतर कागद मोजावेत.

दुसरी चूक दिसायला बेमालूम होती. 90 घेणाऱ्यांत 60 घरं नोकरदार बायकांची होती. मी गटात सांगितलं होतं, “नोकरी करणाऱ्या तीनपैकी दोघी घेणार.” भाचीने विचारलं, “60, पण कितींपैकी?”

मी 60ला 90ने भागलं होतं. त्यातून कळतं ते एवढंच, की घेणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश नोकरदार. मला हवं होतं ते उलट: नोकरदारांपैकी किती घेणार? पाहणीत नोकरदारांची घरं 80 होती. 60 भागिले 80, म्हणजे 75 टक्के. उरलेल्या 120 घरांतून 30, म्हणजे 25 टक्के. अंश तोच, छेद बदलला की प्रश्नच बदलतो. म्हणून आता वहीत छेदाखाली शब्दांत लिहिते: “नोकरदारांपैकी”, “घेणाऱ्यांपैकी”, “सगळ्यांपैकी”.

तिसरी चूक टेबलाची. सात ते नऊ ही लोकलवरून परतण्याची वेळ. फाटकात भेटणार कोण? नोकरदारच जास्त. माझ्या कागदांत त्या 200पैकी 80, म्हणजे 40 टक्के. आम्ही नंतर इमारतीवार यादी केली, तर 500 घरांत नोकरदारांची 150, म्हणजे 30 टक्केच. मग हिशोब असा मांडायला हवा होता: 150 घरांचे 75 टक्के म्हणजे 112.5, उरलेल्या 350 घरांचे 25 टक्के म्हणजे 87.5; एकूण 200. आणखी 25 डबे इथे कमी झाले. प्रत्येक गटाची शक्यता वेगळी काढायची आणि वस्तीत त्या गटाचा खरा वाटा जेवढा, तेवढंच वजन तिला द्यायचं.

शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरं. पण लग्नघरातल्या मोठ्या पातेल्यात आचारी वरचंच शीत दाबून पाहत नाही. खालून, मधून, कडेनं पाहतो. मी वरचं शीत उचललं होतं.

हा घोटाळा मोठमोठ्यांनी केलेला आहे. 1936मध्ये अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून लँडन जिंकणार असं छापलं. जिंकले रूझवेल्ट, तेही 48पैकी 46 राज्यांत. पत्ते बऱ्याच अंशी टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतले होते, आणि मंदीच्या त्या काळात फोन-मोटार असलेलं घर म्हणजे सुखवस्तू घर. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी सगळेच सारखी घेत नाहीत. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर रूझवेल्ट जिंकतील हे बरोबर सांगितलं. आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधल्या तागाच्या लागवडीचा अंदाज नमुना पाहणीने बांधून दाखवला आणि 1950मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. किती शितं उचलली यापेक्षा कुठून उचलली, हे आधी पाहायचं असतं.

राहिले 30 डबे. 200चा अंदाज, विक्री 170. “घेणार” म्हणणं आणि पैसे मोजणं यांत हा फरक पडतो. टेबलामागे ओळखीची बाई बसली असेल तर तोंडावर “नाही” कोण म्हणणार?

तुमच्या संस्थेत, मंडळात, गटात पाहणी करणार असाल, तर माझ्या 105 डब्यांच्या बदल्यात हे घ्या.

एक, भागाकाराआधी “कितींपैकी” हे शब्दांत लिहा. “बघू” म्हणणारे छेदात धरले की वगळले, तेही तिथेच नोंदवा.

दोन, आडव्या-उभ्या रकान्यांचा तक्ता करा आणि बेरजा दोन्हीकडून जुळवा. घेणारी नोकरदारांची 60 आणि इतर 30, न घेणारी 20 आणि 90. न जुळलेली बेरीज चूक तिथल्या तिथे दाखवते.

तीन, जो भेटेल त्याला विचारू नका. घरांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाका आणि चिठ्ठी निघेल त्याच घरी जा, दार बंद असलं तर पुन्हा जा.

चार, अंदाजाला मागेपुढे थोडी जागा ठेवा. ढोबळ नियम असा: 1ला नमुन्याच्या वर्गमुळाने भागा. 200 घरांना साधारण 7 टक्के इकडेतिकडे, पण त्यातल्या 80 नोकरदारांपुरतं बोलाल तर 11 टक्के. वस्ती लहान असली की हे थोडं कमी होतं. पण नमुना चिठ्ठ्या टाकून निवडलेला नसेल, तर या नियमाला काही अर्थ नाही.

पाच, “घेणार का” याऐवजी “गेल्या दिवाळीत घेतलं होतं का” असं विचारा. जमलं तर आगाऊ पैसे घ्या.

यंदा चिठ्ठ्या टाकल्या, जिने चढलो, 50 रुपये आगाऊ घेतले. डबे केले 180, मागणी आली 189. नऊ घरांनी तोंड वाकडं केलं. पण एकही चकली वाकली नाही.