टेक्ससमधील वाहतूक तिकीट : दंड भरण्याआधी हे वाचा

अमेरिकेत टेक्सस राज्यात टॅक्सी चालवून किंवा घरोघर माल पोहोचवून रोजी कमावणाऱ्या बांधवांना वेगमर्यादा ओलांडल्याचे तिकीट मिळाले, की बहुतेकजण मुकाट्याने दंड भरून मोकळे होतात. मोकळे झालो नाही, हे पुढे कळते. दंड भरणे म्हणजे गुन्हा मान्य करणे. तो चालकाच्या नोंदीत चढतो आणि विम्याचा हप्ता वाढू शकतो. धंद्याच्या हिशेबात खरे नुकसान हेच.

कायद्याने यावर वाट ठेवली आहे. तिकिटावर कोर्टात हजर राहण्याची तारीख असते. त्या तारखेपर्यंत ‘डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग’चा वर्ग करण्याची परवानगी कोर्टाकडे मागावी. सोबत आरोप कबूल असल्याचे किंवा त्याला विरोध नसल्याचे लिहून द्यावे लागते. टेक्ससचे चालू लायसन्स आणि विम्याचा पुरावा हवा. कोर्टाचा खर्च भरावा लागतो, दंड नाही. त्यानंतर ९० दिवसांत राज्यमान्य सहा तासांचा वर्ग पुरा करून दाखला, चालक-नोंदीची प्रमाणित प्रत व प्रतिज्ञापत्र दाखल केले की खटला रद्द होतो. वर्ग घरी संगणकावरही करता येतो. फी किमान २५ डॉलर.

मर्यादेपेक्षा २५ मैल वा अधिक वेग, ताशी ९५ मैल वा अधिक वेग, थांबलेल्या स्कूलबसला ओलांडून जाणे, कामगार हजर असताना रस्ताकामाच्या पट्ट्यातील गुन्हा, यांना ही सवलत नाही. ट्रकचालकांनी विशेष ध्यानात घ्यावे : ज्याच्याकडे व्यावसायिक लायसन्स आहे, त्याला स्वतःच्या खासगी मोटारीत तिकीट मिळाले तरी ही वाट बंद. म्हणजे ज्याची रोटीच लायसन्सवर, त्यालाच माफी नाही! पण नियम तसा आहे.

प्रतिज्ञापत्राकडे कागदाचा तुकडा म्हणून पाहू नये. गुन्ह्याच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत हा वर्ग घेऊन दुसरे तिकीट रद्द करून घेतलेले नाही, हे त्यात शपथेवर सांगायचे असते. मुलाला किंवा मित्राला आपल्या नावाने संगणकापुढे बसवणारेही असतात. खोटी शपथ तेथे गुन्हा आहे, आपल्याकडे तर गुनाह.

बारा महिने पुरे झाले नसतील, तर न्यायाधीशांकडे निकाल पुढे ढकलण्याची विनंती करता येते. ती मान्य करणे त्यांच्या मर्जीवर असते, व्यावसायिक लायसन्सवाल्यांना तीही मिळत नाही. काही झाले तरी तारीख चुकवू नये; गैरहजेरीचा गुन्हा वेगळा लागतो आणि वॉरंट निघू शकते.