फरशीखालची तार

आमच्या थोरल्या वहिनींची एक हौस होती. स्वयंपाकघर मोठे आहे, तर ओटा भिंतीला न लावता मधोमध बांधावा. चारी बाजूंनी उभे राहून काम करता येईल. पापड-कुरडयांच्या दिवसांत चार बायका एकदम हात चालवतील. आम्हा भावांनाही ते पटले. ओटा बांधला.

पण ओट्यावर मिक्सर हवा, विजेची शेगडी हवी. तिथे वीज न्यायची कशी? मधल्या ओट्याला भिंत कुठली? वरून लोंबती तार आणावी, तर डोक्याला लागणार. मग वाट एकच राहिली. जमिनीखालून.

गवंडी म्हणाला, “त्यात काय अवघड आहे? तार खाली टाकतो, वर कोबा करतो. फरशी बसली की कुणाला दिसतंय?”

आम्ही हो म्हटले. नळीचे चार पैसे वाचले, म्हणून खूशही झालो. इथेच आम्ही चुकलो.

दोन वर्षे काही झाले नाही. तिसऱ्या पावसाळ्यात एक दिवस वहिनी फरशी धूत होत्या. पाय अनवाणी आणि ओले. त्यांनी लोखंडी नळाला हात लावला, आणि एकदम किंचाळल्या. धाकटा भाऊ त्यांना धरायला धावला. आईने त्याला मागे ओढले.

“हात लावू नकोस! आधी मेन बंद कर!”

मेन बंद झाला, तशा वहिनी मटकन खाली बसल्या. जीव वाचला. आईने त्या वेळी भावाला अडवले नसते, तर झटका त्यालाही बसला असता.

दुसऱ्या दिवशी परवाना असलेले वायरमन आले. त्यांनी फरशी उकरली. तारेवरचे प्लॅस्टिक एका जागी खडीने कापले गेले होते. फरशीच्या सांध्यांतून पाणी मुरत होते. ओल तारेपर्यंत पोचली आणि जमिनीत वीज उतरली.

आम्ही विचारले, “काका, मग बोर्डातला खटका आपोआप का नाही पडला?”

काका म्हणाले, “तो खटका १६ अँपिअरचा. तारेवर भार फार झाला तर तो पडतो. माणसाला मारायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. एवढ्याशा गळतीनं तो खटका हलत नाही.”

मग काकांनी काम नव्याने केले. ते कसे केले, ते आता पाहू.

पहिले काम जागा पाहण्याचे. आमच्या कोब्याखाली जमीन आहे, म्हणून कोबा कापता आला. ज्यांच्या स्वयंपाकघराखाली दुसरी खोली आहे, त्यांच्या पायाखाली स्लॅब असतो. स्लॅबमध्ये लोखंडी सळया असतात. त्या कापल्या तर घराला धोका. तिथे जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय छिन्नी लावू नये. पाण्याची नळी कुठून गेली आहे, तेही आधी पाहावे.

मग भिंतीपासून ओट्यापर्यंत सरळ चर खणला. चरात आयएसआय छापाची जाड पीव्हीसी नळी ठेवली. नळीचे सांधे चिकटवून पक्के केले. एक टोक भिंतीत वर चढवले, दुसरे ओट्याच्या आत. दोन्ही तोंडे फरशीच्या बरीच वर ठेवली, म्हणजे धुण्याचे पाणी आत जात नाही. काम चालू असताना तोंडांत चिंध्या कोंबल्या, म्हणजे सिमेंट आत गेले नाही. शेजारी दुसरी रिकामी नळीही टाकली. पुढे गरज लागली तर फरशी फोडायला नको.

नळी कशासाठी? लेंग्याचा नेफा आठवा. नाडी तुटली तर लेंगा फाडावा लागतो का? नाही. जुनी नाडी ओढून काढतो, नवी ओवतो. तारेचेही तसेच. नळीतली तार खराब झाली तर ओढून बदलता येते. म्हणून नळीला काटकोनात मोडू नये, मोठे गोल वळण द्यावे. नळीत तारा कोंबून भरू नयेत. आणि जमिनीखाली तारेला जोड कधीच देऊ नये. भिंतीपासून ओट्यापर्यंत तार अखंड हवी.

तार किती जाडीची? हिशेब करू. आमची शेगडी २००० वॉटची, मिक्सर ७५० वॉटचा. मिळून २७५० वॉट. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते. २७५० ला २३० ने भागले तर सुमारे १२ अँपिअर येतात. काकांनी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओवली आणि तिला १६ अँपिअरचा खटका लावला.

तारा तीन ओवल्या. लाल तार वीज आणते. काळी तार ती परत नेते. हिरवी तार अर्थिंगची. यंत्राच्या लोखंडी अंगात वीज उतरली, तर हिरवी तार ती जमिनीत नेते. काही लोक पैसे वाचवायला हिरवी तार गाळतात. तसे करू नका.

शेवटी काकांनी बोर्डात ३० मिलिअँपिअरचा गळती पकडणारा खटका बसवला. वायरमन त्याला आरसीसीबी म्हणतात. जेवढी वीज गेली तेवढी परत आली पाहिजे, एवढेच तो पाहतो. थोडी जरी दुसरीकडे गेली, तरी क्षणात वीज तोडतो. त्यावर एक छोटे बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहावे. खटका पडला, तर तो नीट आहे. न पडला, तर वायरमनला बोलवावे.

प्लगची जागा ओट्याच्या बाजूला, मोरीपासून लांब ठेवली. मग चर बुजवण्याआधी आम्ही एका कागदावर नकाशा काढला. भिंतीच्या कोपऱ्यापासून नळी किती फुटांवर आहे, ते आकड्यांत लिहिले. तो कागद घराच्या कागदांत ठेवला आहे. उद्या कुणी खिळा ठोकायला किंवा फरशी बदलायला आला, तर आधी तो कागद पाहील. लिहिता येण्याचा हा केवढा उपयोग!

आता वहिनी त्याच ओट्यावर चटणी वाटतात. पण फरशी धुण्याआधी अजून त्या ओट्याचा खटका बंद करतात. आम्ही हसत नाही. आम्हीही तेच करतो.

मंडळी, भिंतीवरची चूक दिसते. फरशीखालची चूक दिसत नाही. म्हणून फरशी बसण्याआधीच पाहून घ्या. नळी आहे का? हिरवी तार आहे का? गळतीचा खटका आहे का? हे विचारायला लाजू नका. घर आपले आहे, आणि जीवही आपलाच आहे.