मुलाची भाषा व शाळेचा फळा

आदिलाबादकडील सरहद्दीच्या गावांत पुष्कळ मुले घरी मराठी किंवा गोंडी बोलतात व बाजारात तेलुगू ऐकतात. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू हा विषय सक्तीचा झाला. तेलुगू शिकलीच पाहिजे. कचेरीचे काम तिच्यावाचून होत नाही. प्रश्न निराळा आहे. वर्गात प्रथमच आलेल्या मुलास जे बोलता येते, त्याचे शाळेने काय करावे?

याच मुलखात याचे एक उत्तर पूर्वी करून पाहण्यात आले. जमीन व जंगलाच्या हक्कांसाठी उठलेला कोमराम भीम १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या स्थितीचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपविला. पत्नी बेटी यांच्यासह ते मारलवाई येथे राहिले. (हे गाव आता कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात येते.) तेथे त्यांस काय दिसले? शेत कसणारा गोंड, पण कागदावर नाव दुसऱ्याचे. आणि तो कागद त्याला वाचता येत नाही!

१९४३ साली मारलवाईस गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. राज्याची भाषा उर्दू असताही पहिली पुस्तके गोंडीत, देवनागरी लिपीत केली. मराठीमुळे ती लिपी या भागास परकी नव्हती. शिकविणाराही गोंडच. आमच्या मते हे सर्वांत मोलाचे. पुस्तक मुलाच्या भाषेत असले, पण गुरुजींस ती येत नसली, तर वर्ग मुकाच राहतो. मग 'मुले मंद आहेत' असा शेरा मिळतो, तो आपण सर्वांनी ऐकला आहे.

आणि शिकवावे काय? कविता पाठ व्हाव्यात, पाढेही यावेत. परंतु जमिनीचा पट्टा, सावकाराची पावती, कापसाच्या वजनाची चिठ्ठी मुलास वाचता येणे हेही शाळेचेच काम आहे.

नहेम्याच्या आठव्या अध्यायात नियमशास्त्र वाचणारे लोकांस अर्थ उलगडून सांगतात. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी तसे करून पाहावे. पेरणाऱ्याचा दाखला घेताना मुलांस विचारावे, पेरणीला, खडकाळ जमिनीला, काट्यांना तुमच्या घरी काय म्हणतात? ते शब्द फळ्यावर देवनागरीत लिहावेत. मग एखाद्या मुलाने सगळा दाखला घरच्या बोलीत सांगावा. शिक्षकास सारे कळले नाही तरी चालेल. शेजारचे मूल सांगेल.