रानातले मुखदर्शन

भाविक वाचकहो, पंढरीत आपण जिला चंद्रभागा म्हणून वंदितो ती भीमा. तिचा उगम पुणे जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, भीमाशंकरी. महाशिवरात्रीला आणि श्रावणात तेथे ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला केवढा समाज लोटतो! पण देवळाभोवतीच्या रानात जे शेकरू राहते, त्याची ओळख फार थोड्यांना असते. म्हणून आज त्याचा पाठ घेऊ.

शेकरू म्हणजे मोठी खार. पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकट पिवळसर, शेपूट अंगाहून लांब नि झुबकेदार. हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. १९८५ साली भीमाशंकरचे अभयारण्य झाले, ते मुख्यतः याच्यासाठी. याचा सारा संसार झाडांच्या शेंड्यांवर. वीस-वीस फुटांची उडी मारील, पण जमिनीवर क्वचितच उतरेल. काटक्या-पानांची गोल घरटी बांधते, तीही एक नव्हे, अनेक. कुठे निजायचे, कुठे पिले वाढवायची.

आता पाहावे कसे? सकाळी लवकर, नाही तर उन्हे कलताना. दुपारी ते विसावा घेते. पायवाट सोडू नये, बोलणे थांबवावे, आणि कान द्यावा. फळांची टरफले टपटप खाली पडतात, वर फांदी हलते. मग हळूच दर्शन घडते. ते खडखड ओरडू लागले किंवा खोडाला चिकटून निश्चल राहिले, तर भ्याले असे समजावे आणि आपण मागे सरावे. जेवढा वेळ ते आपल्या धाकात बसते, तेवढा त्याचा खाण्याचा वेळ बुडतो.

शंका : भूतदया हा आपला धर्म, मग चार शेंगदाणे, दोन बिस्किटे टाकली तर पुण्यच ना?

समाधान : अहो, भुकेल्याला अन्न देणे ही दया खरी. पण शेकरूला फळे, बिया, साल हे सारे रान देतेच आहे. आपल्या खाऊच्या लोभाने ते खाली उतरू लागले, की कुत्र्याच्या तोंडी सापडायचे. वानरांचे पाहा ना. माणसाच्या हातचे खायची चटक लागली, की ती पिशव्या ओढतात, आणि मग माणूसच काठी उचलतो. दयेने आरंभ, मारहाणीने शेवट! ज्याचे फळ असे, त्या कर्माला दया कसे म्हणावे?

शंका : इतक्या लांबून आलो, तर जवळून फोटोही काढू नये?

समाधान : लांबून निघाला तर खुशाल काढावा. पण तेवढ्यासाठी दगड मारून, टाळ्या पिटून त्याला हलवायचे, घरट्याखाली गलका करायचा, हे बरे नव्हे. अभयारण्यात प्राण्याला छेडणे आणि कचरा टाकणे, दोन्हींना १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. आणि कायदा बाजूला ठेवा. पंढरीत गर्दी दाटली, की आपण मुखदर्शन घेऊन परततो. वारी फुकट गेली असे कोणी म्हणते काय? रानातही मुखदर्शनच घ्यावे, पदस्पर्शाचा हट्ट धरू नये.

आपला पांडुरंग कटीवर हात ठेवून उभा आहे. भीमाशंकरच्या रानात शेकरू दिसले, की आपणही तसेच उभे राहावे. हात कमरेवर, मुख बंद, डोळे उघडे. मग बघा, ते निर्धास्तपणे फळ खात राहील, आणि आपल्यामागून येणाऱ्या यात्रेकरूलाही दिसेल.